एक सावली, लाल

सकाळी स्टेशनच्या पायऱ्या उतरले
आणि रस्ता संपला.
समोर शेवाळी पाणी,
त्यावरून एक वॉशिंग मशीन चाललेलं,
होडीत उभं, चौकोनी,
लग्नाला निघालेल्या वडीलधाऱ्यासारखं गंभीर.

एकोणतीस वर्षं मी मोजणी खात्यात काढली.
असं गाव पहिल्यांदाच पाहिलं
ज्याची हद्द दिवसातून दोनदा ओली होते
आणि कुणी हरकत घेत नाही.

घरं समोरासमोर, एकमेकांना पाण्यात पाहणारी.
आपल्याकडे हे भांडणाचं बोलणं.
इथे खरंच पाहतात,
गुलाबी भिंत पिवळीला, पिवळी गुलाबीला,
आणि मधून मोटारबोट गेली
की दोघींचे चेहरे मोडतात.

पाहायचं ते सगळं पाहिलं.
सोन्याचे घुमट, मान दुखेपर्यंत.
घंटेचा मनोरा.
निःश्वासांचा पूल, ज्यावरून कैदी नेत म्हणे;
त्याच्याकडे पाठ करून
शंभरेक माणसं फोन वर धरून हसत होती.
माझा फोटो एका कोरियन मुलीने काढला.
मन लावून काढला.
त्यात मनोरा आहे, आणि माझा डावा खांदा.

मग चुकले.
घर नंबर पाच हजार चारशे तीन,
त्याला लागून पाच हजार चारशे सत्त्याऐंशी.
हे गाव माझ्या टेबलावर आलं असतं
तर फाईल परत पाठवली असती.
एक गल्ली धरली, ती सरळ पाण्यात उतरली.
कठडा नाही, पाटी नाही,
खालच्या पायरीवर एक खेकडा, तोही आपल्या कामात.

परतताना पुलाच्या पायथ्याशी एक बाई,
चाकांच्या पिशवीत बटाटे, पाण्याच्या बाटल्या.
मी पिशवीची मागची बाजू धरली.
वीस पायऱ्या चढून, वीस उतरून
ती छातीला हात लावून म्हणाली, नेरीना.
मी म्हटलं, कुमुदिनी.
दोनदा प्रयत्न करून ती 'कुमु'वर थांबली.

औषधाच्या दुकानाच्या काचेत एक आकडा जळत होता.
अठ्ठेचाळीस हजार, वर काहीशे.
या शहरात अजून राहणारी माणसं, एवढं मला कळलं.
तिने शेवटच्या अंकावर बोट टेकवलं,
म्हणाली, तूल्यो,
आणि तळहात हवेत जरासा खाली आणला.
एकाने.

आमच्या मोजणीत थोडी चूक माफ असायची.

तिच्या बारमध्ये बसायला जागाच नव्हती, सगळे उभे.
वाइनच्या छोट्या पेल्याला इथे सावली म्हणतात.
पूर्वी मनोऱ्याच्या सावलीत विकणारे बसत,
सावली सरकली की तेही सरकत,
असं काउंटरवरच्या अल्वीझेने
अर्धं इंग्रजीत, अर्धं हातांनी सांगितलं.
नेरीनाने दोन बोटं वर केली.
दोन सावल्या, लाल.
मी आयुष्यात घेतली नव्हती. घेतली.
आंबट होती, आणि वर मासा ठेवलेला पावाचा तुकडा
त्याहून खारट.
ती दोघं कशावर तरी हसली,
मीही हसले, जरा उशिरा.
पैसे तिनेच दिले, मला पाकीट उघडू दिलं नाही.
कोण किती पाण्यात आहे
ते अशा वेळी कळतं.

सहा चाळीसच्या गाडीला वीस मिनिटं होती.
सकाळी ज्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधली
ती आता पाण्याखाली.
जुनी खोड. वाकले, वीत घातली.
अर्धी वीत आणि दोन बोटं.
बाही कोपरापर्यंत भिजली.
नोंद करायला वही नव्हती,
तिकिटाच्या मागे लिहिलं:
पाणी, वेळ, तारीख,
आणि हजर असलेल्या व्यक्तींच्या रकान्यात
नेरीना.
ती तिथे नव्हती, तरी.