राईतून काही न्यायचं नाही

कानामागे अजून शिगम्याचा गुलाल राहिलेली
बारा मुलं
बांधावरून एकामागे एक.
पुढे शांबाकाका गावकर,
कमरेची आकडी आज रिकामी, कोयता घरी.
मोकळ्या हाताचं काय करायचं
ते त्याला समजत नाहीये.

राईच्या तोंडाशी त्याने सगळ्यांच्या चपला काढायला लावल्या.
माझ्याही.
म्हणाला, "भितर पळयात, हात लायात, वास घेयात.
पूण व्हरपाचें ना. सुकें पान लेगीत ना."
"कोणाची राय ही?" धृतीने विचारलं.
"जाची आसा ताची."
आणि विषय तिथे मिटला.

फळा मी आणला नव्हता.
पिशवीत पाण्याच्या बाटल्या, दोरी, खोबरेल,
आणि वहीत माझ्या नीटस अक्षरात आजचं उद्दिष्ट:
लहान-मोठे, खरखरीत-मऊ, एक ते दहा.

ते दहा मिनिटांत कोसळलं.

रोवेनाला झऱ्याच्या चिखलात गुडघे दिसले,
झाडाचेच,
मुळं वर येऊन पुन्हा खाली वळलेली,
जमिनीखाली कुणी बसलंय आणि
आता हात टेकून उठणार, तसे.
"टीचर, झाड उठता!"
मग सगळीच उकिडवी बसली
ते उठेपर्यंत.
चार वर्षांच्या माणसांना इतका वेळ गप्प
वर्गात मला कधी बसवता आलेलं नाही.

वर कुठेतरी धनेश गेला,
सुपात तांदूळ पाखडावेत तसा पंखांचा आवाज,
आणि बारा तोंडं उघडी.

कोसंबाला लालभडक पालवी.
पान रंगवायला मी दरवर्षी हिरवाच खडू देते.
कुणी काही बोललं नाही.
मलाच आठवलं.

हुमल्यांनी पानं शिवून घर केलं होतं, नारळाएवढं.
"सुई खंय?" विथूने विचारलं.
मला माहीत नव्हतं.
शांबाकाका म्हणाला, "पिलाच्या तोंडांत.
आवय पिलाक धरता आनी शिवता."
मी हसले. गावची थट्टा, म्हटलं.
रात्री वाचलं तेव्हा
एकटीच बसून ओशाळले.

निघताना खिसे रिकामे करायचे होते.
दोन पिसं, वाटोळा दगड, शंख फुटलेली गोगलगाय,
एक अख्खी डहाळी, कशी मावली कोण जाणे.
प्रत्येकाने आपलं आपलं ठेवलं,
जिथून घेतलं तिथेच, असा हट्ट धरून,
त्यात पाऊण तास गेला
आणि एक ते दहा आपोआप झालं, 
सात वगळून.

धनगरवाड्यावरचा जानो तेवढा हलेना.
चड्डीला खिसा नव्हता.
"म्हजें पोटांत आसा," म्हणाला. 
"चुन्नां खाल्लीं. बियो गिळ्ळ्यो. 
आतां कशो दवरूं?"

रडायच्या बेतात होता.
शांबाकाकाने रिकाम्या आकडीवर हात फिरवला,
खरोखर विचार केला, 
मग म्हणाला,
"त्यो रायेनच तुका दिल्यात.
फाल्यां सकाळीं खंय तरी दवर."

काय ते कळायला मुलांना एक क्षण लागला,
मग बांधभर हसू सांडत गेलं,
आणि जानो सगळ्यांत पुढे, छाती काढून,
जपून पावलं टाकत,
कुणाचं तरी काही पोचवायला निघाल्यासारखा.

खालच्या बागायतीतून काजूच्या निऱ्याचा वास येत होता.
मी बारा मोजली. पुन्हा मोजली.

वाळपईच्या खोलीवर आल्यावर पाहिलं तर
माझ्या सलवारीच्या काठाला कुसळं.
काही बांधावरची असतील.
काही नसतील.
कशी ओळखणार?
एकेक उपटून वर्तमानपत्रावर ठेवली
आणि पंखा बंद केला.

उद्या शनिवार, शाळा नाही.
पहिली बस सव्वासातला आहे.