कुंद्याचा खोका

आप्पा उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून यायचे
कोपरापर्यंत वाळू घेऊन.
मी रडत असले तर विचारायचे नाहीत काही.
शहापुरातल्या दुकानाचा पुठ्ठ्याचा खोका,
त्याचा पांढरा दोरा दातांनी तोडायचे,
"हं, आ कर."

गुडघा फुटला, कुंदा.
वर्गात बाई सगळ्यांसमोर बोलल्या, कुंदा.
आई बाळंतपणाला खानापूरच्या गाडीत बसली
आणि मी स्टँडवर लोळण घेतली,
तेव्हा तर दोन घास.
तोंड गोडानं भरलं की हुंदक्याला वाट उरत नाही,
तोही गिळावा लागतो त्याच्याबरोबर.

आईची रीत उलटी.
रुसले की समोरचं ताट उचलायची,
"राग खा आता, तोच पोटभर."
खाल्ला.

जीव दोघांचाही होता माझ्यावर.
हे आधीच सांगते.

आता मी एकेचाळीस.
कचेरीतून कन्नड नोटीस येते, मला अर्धीच लागते,
साहेब हसतो,
आणि रात्री अकराला मी फ्रिजच्या उजेडात
उभ्यानं गार भात खाते, पातेल्यातूनच.
भूक म्हणाल तर नसते.

काल रेणूचं पिल्लू मांजरानं नेलं,
शनिवारच्या बाजारातलं, गुलाबी रंगवलेलं.
पोरीनं घर डोक्यावर घेतलं
आणि माझा हात, मला न विचारता,
फडताळातल्या खोक्यावर.

तेवढ्यात विरजण मागायला आलेली गौरव्वा
उंबऱ्यातच बसली. वाटी बाजूला ठेवली.
"याकव्वा, एनातु?"
आणि गप्प राहिली.

रेणूनं सांगितलं.
अर्धं मराठीत, अर्धं कानडीत,
मांजर, भिंत, एक पीस.
मग परत पहिल्यापासून.
मग आणखी एकदा, या वेळी मांजर वाघाएवढं.
नळाचं पाणी जातं तसं रडू गेलं,
आधी नुसती हवा, मग थेंब, मग काही नाही.
पीस फ्रॉकच्या खिशात ठेवून म्हणाली,
"भूक लागली."
अर्धी भाकरी, शेंगदाण्याची चटणी,
आणि कोरभर तुकडा ताटात टाकून, "बास."

तो तुकडा सवयीनं उचलणार होते मी.

गौरव्वा विरजण घेऊन उठली,
माझ्या हातातल्या खोक्याकडे बघितलं,
दोरा अजून तसाच होता.
"निनगेनातव्वा?"

तुला काय झालं.
चहा ठेवते म्हणणार होते.
खाली बसले,
आणि खानापूरच्या गाडीपासून सुरुवात केली.