फारिन्याचं दार

पिठाच्या पोत्यावर जन्मलीस, म्हणून फारिन्या.
तुझी आई उठलीच नाही.
बाटलीला बूच नव्हतं, बोट बुडवून पाजलं तुला,
आणि त्या बोटावर तू जो हक्क सांगितलास
तो आजतागायत सोडलेला नाहीस.

फोगु बेटावर, डोंगराच्या पोटातलं आमचं गाव.
माती काळी, रस्ता काळा,
कोंबड्यासुद्धा राखेत लोळून काळ्या.
ढग खाली उतरले की द्राक्षाच्या वेली दिसेनाशा होत,
फक्त तुझ्या गळ्यातला सार्डिनचा डबा ऐकू यायचा,
आत एक खिळा.

पहाटे पाचला दाराला धडक.
एक. जरा थांबून दुसरी.
तेवढ्यात उठले नाही तर तू छपरावर जायचीस
आणि माझ्या खाटेच्या बरोब्बर वर उभी राहून
मुतायचीस.
आन्सेल्मु म्हणायचा, नाताळ आलाय, काप हिला.
मी म्हणायचे, आधी तुला.
दूध तुझंच प्यायचा माझा भाऊ,
नावंही तुलाच ठेवायचा.

ब्रॉकटनहून बहिणीचं पाकीट आलं तेव्हा
पत्र खाल्लंस, डॉलर थुंकलेस.
तेव्हापासून सगळ्यांना सांगते, शिकलेली आहे.

मग तो नोव्हेंबर.
आदल्या रात्रीपासून तू चाऱ्याला तोंड लावेनास.
मला वाटलं पोट बिघडलं,
बडीशेपेचं पाणी पाजत बसले, वेडी.

लाव्हा धावत येत नाही.
म्हाताऱ्या पाहुण्यासारखा येतो,
थांबत, कण्हत, काचा फुटल्यासारखा आवाज करत.
सामान हलवायला वेळ देतो,
काय हलवावं ते सुचू देत नाही.
खालून सांव फिलिपहून कर्ण्यावर सूचना:
माणसं आधी, जनावरं नंतर.
उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच असावं.
आन्सेल्मुनं पाना घेतला
आणि दार बिजागऱ्यांसकट काढलं.
दार? मी विचारलं.
लाकूड महाग आहे, म्हणाला,
आणि त्या दारालाच डोकं टेकून रडला.
पिकअपमध्ये दार आडवं,
दारावर तू,
तुझ्या गळ्याभोवती मी.

छावणीत ओस्वाल्दिनाबाई नावं लिहून घेत होत्या.
घरात किती जण?
दोन, आन्सेल्मु म्हणाला.
मी त्याच्याकडे नुसतं बघितलं.
तीन, म्हणाला.

तंबूवर चढता येत नाही.
तू दोनदा प्रयत्न केलास, दोनदा दंड भरला आम्ही.
मग तू आटलीस.
रात्री माझं बोट शोधायचीस,
एवढी दाढीवाली म्हातारी,
आणि चोखता चोखता झोपायचीस.

सव्वा वर्षानं वर गेलो.
गावाच्या जागी काळ्या दगडाचं नांगरलेलं शेत,
कुणी पेरणार नाही असलं.
आन्सेल्मु पावलं मोजायला लागला,
चर्चपासून चाळीस, मग उजवीकडे.
पण चर्च कुठून मोजायचं?
तो तीनदा मोजून तीन ठिकाणी पोचला.
तू दावं हिसडलंस.
खुर कापतील गं, मी ओरडत राहिले,
तू धारेधारेनं वर,
एका उंचवट्यावर चारी पाय जुळवून उभी राहिलीस,
इकडे पाहिलंस
आणि मुतलीस.

आन्सेल्मु खाली बसला. हसत होता की काय,
मी बघितलं नाही.
तुझ्या पायांखाली, किती हात खाली कोण जाणे,
माझी खाट होती.

आता दार तिथंच उभं केलंय,
मागून दोन दगडांचा आधार.
भिंती पुढल्या वर्षी, ब्रॉकटनचे पैसे आले तर.
तोवर ताडपत्री.
दोन्ही बाजू मोकळ्या आहेत,
वळसा घालून येऊ शकतेस तू,
दिवसा येतेसच की.

पण पहाटे पाचला
धडक.
मी जागीच असते.
दुसरीची वाट बघते,
मग उठून कडी काढते.