पान त्रेचाळीस

कोपरखैरणे, दातांच्या दवाखान्यावर दुसरा मजला,
संध्याकाळी सात ते साडेआठ.
खालून ड्रिलचा आवाज येतो
आणि शेरीन मिस फळ्यावर लिहितात : फूड.

माझ्या जोडीला हिरूबाई मढवी, घणसोली गावच्या,
ऐरोलीत आयटीवाल्यांना डबे देतात.
फोनवर पोरं विचारतात, ग्लूटेन आहे का,
त्या म्हणतात, बाबा, ताजं आहे.
म्हणून इंग्रजी.

माझं कारण वेगळं. मुलीनं जमवलंय.
व्याही विजयवाड्याचे, ना मराठी ना धड हिंदी.
मेमध्ये जेवायला बोलावलंय.
मुलगी म्हणाली, पप्पा, तिकडे नुसते हसत बसू नका.

आधी मोजता येणारे शब्द, मग न येणारे.
वन बनाना, टू बनानाज. बरोबर.
राईस?
मी बोट वर केलं, मला येत होतं : टू राईस.
नाही, मिस म्हणाल्या, राईस मोजता येत नाही.

सत्तावीस वर्षं, मिस, वाशीच्या दाणा मार्केटात.
ट्रकची फळी, पाठीवर पन्नास किलो,
आकडा चुकला की संध्याकाळी टोळीची मजुरी चुकते.
उकडा, कोलम, आंबेमोहोर,
डोळे मिटून वासावर सांगेन कुठला कट्टा कशाचा.
हे सगळं मला इंग्रजीत म्हणता आलं नाही.
मी म्हणालो, मिस, आय काऊंट.

त्या थांबल्या.
मग म्हणाल्या, टू बॅग्ज ऑफ राईस.
मोजायचं ते पोतं.
हे पटलं. मुकादमाचंही तेच म्हणणं असायचं.

पण राईस म्हणजे तांदूळ, की भात, की शेतात उभा असतो तो?
तिन्ही, म्हणाल्या.
आळशी भाषा हाय, हिरूबाई माझ्या कानात.

त्यांना विचारलं, व्हॉट इज युअर फेवरेट फूड?
निवट्या.
इंग्रजीत?
त्यांनी बाकावर दोन बोटं चालवली : फिश. वॉकिंग.
सगळे हसले, त्याही हसल्या.
मिसनी फळ्यावर नीट वाक्य करून दिलं :
द फिश वॉक्स इन द मड.
हिरूबाईंनी वाचलं. खिडकीबाहेर बघितलं,
जिकडे खाडी होती तिकडे टॉवरचे दिवे लागत होते.
वॉक्ड, त्या म्हणाल्या.
मिसना वाटलं, बाईंचा काळ चुकला.

मग संवाद. ए यजमान, बी पाहुणा.
वुड यू लाईक सम मोर?
नो, थँक यू. आय ॲम फुल.
ऑलराईट.
एवढंच. खाली आइस्क्रीम खाणाऱ्या मुलाचं चित्र.

हिरूबाई ए. म्हणजे आता त्या माझ्या विहीणबाई,
पदर खोचून बसलेल्या.
वुड यू लाईक सम मोर?
नो, थँक यू. आय ॲम फुल.
पुढची ओळ त्यांची होती. त्यांनी ती म्हटलीच नाही.
सम मोर?
मी पुस्तकात बघितलं. पुस्तकात काही नव्हतं.
नो, थँक यू.
अरं, थोरा त घे!
आणि त्यांचा रिकामा हात माझ्या वहीवर वाकला,
काहीतरी वाढलं गेलं.
मी दोन्ही तळवे वहीवर आडवे धरले,
पानावर धरतो तसे,
बोटं जरा फाकवून.

मिस बघत होत्या. त्या कोट्टयमच्या.
आमच्याकडेही पहिलं नाही कुणी ऐकत नाही, म्हणाल्या,
पण परीक्षेत ऑलराईटच लिहा,
दोन मार्क आहेत.

साडेआठ झाले. खालचं ड्रिल थांबलं.
मी समासात पेन्सिलनं लिहिलं : ए पुन्हा विचारते.
जिना उतरताना मिसना गाठलं.
दुसऱ्यांदा विचारल्यावर काय म्हणायचं?
अ लिटल.
लिटल म्हणजे किती, मिस?
ते मोजता येत नाही, म्हणाल्या,
आणि रिक्षा थांबवायला पुढे गेल्या.