लांब मानेचा मोर

साखर पेठेतल्या लॅबमध्ये दुपारी दोनला
पंखा गरम हवाच ढवळतो.
लीशमनचा जांभळा रंग नळाखाली धुऊन
काचपट्टी उभी करते वाळायला.
मे आहे, वेळ लागत नाही.

नळीवर नाव: मल्लेशम येमूल, ७१, पुरुष.
मीच लिहिलंय. आडनावापाशी पेन अडखळलं.

पांढऱ्या पेशी एक लाख बारा हजार.
अकरा हजारांच्या घरात एवढे पाहुणे,
आणि उठायचं नाव कुणी घेत नाही.

धड पेशीला जाणं येतं.
वेळ झाली की बॅक्स आतून भोकं पाडतं,
कात्र्या सुटतात,
आणि ती स्वतःच्या पुड्या बांधून
गुपचूप शेजारणीच्या ओटीत जाते.
सूज नाही, बोंब नाही.
न्यूट्रोफिल तर एखाद्या दिवसाची पाळी करून मोकळा.

पण बीसीएल-टू नावाचं एक जनुक
बॅक्सचा हात धरून बसतं.
त्याला दाबात ठेवणारा मजकूर
असतो तेराव्या गुणसूत्रावर, एवढासा.
पुण्याहून रिपोर्ट आलाय सकाळी:
तेवढाच तुकडा गळालेला.

आपल्याकडे माणूस गेल्यावर तेरावं घालतात.
इथं तेराव्यातलंच हरवलंय,
म्हणून जाणं थांबलंय.

जेकार्डच्या पत्त्यांची माळ एकदा अडकली होती.
भोक असलं की दोरा वर, नसलं की खाली,
नायनांना तेवढं पाठ.
पण ते चहाला गेले
आणि तोच पत्ता पुन्हा, पुन्हा.
मोराची मान वाढत गेली दीड हात.
मालकानं चादर घेतली नाही, मजुरी कापली.
आम्ही तिघी बहिणी त्या मानेखाली झोपलो,
मी तर दहावीपर्यंत.

भिंगाखाली पाहते:
गोल, शहाण्या दिसणाऱ्या पेशी.
मध्येच काही फुटलेल्या, बोटानं पुसल्यासारख्या.
शंभर मोजते. परत शंभर.

बाहेर बाकावर नायना
पडद्याचा सुटलेला दोरा दातानं तोडतायत.
"काय झालंय त्यांना, अम्मा?"
"मरत नाहीत."
"मरत नाहीत?" ते हसतात,
"मग चांगलंच की."

ती चादर कुठंय, विचारायचं होतं.
दोरा बोटाला गुंडाळत
ते म्हणाले, पडद्याची वीण सैल आहे,
दुकानदारानं फसवलं तुम्हाला.