अब्दागीर

आमच्या घरात पणजोबांचा फोटो एकच, तोही अर्धा:
दसऱ्याची मिरवणूक, हत्तीचा कान,
उंच काठीवर जरीचं पान
आणि चौकटीच्या कडेला एक कोपर.
ते कोपर धोंडजींचं.
बाकीचे धोंडजी फोटोत मावले नाहीत.

महिना अकरा रुपये, वर्षाला दोन पागोटी, एक जोडा.
काम एवढंच की सरकारांच्या गालावरची सावली
हलू द्यायची नाही.
सूर्य सरकला की आपण सरकायचं,
घोडा अडला की अडायचं,
माशी बसली तर बसू द्यायची.
आत्या सांगायची, त्यांचा उजवा खांदा
डाव्यापेक्षा दोन बोटं वर होता.
शिंपी दर सदऱ्याला विचारायचा,
हे असंच ठेवू ना?

मी लष्करात मीटर वाचते.
फौजेत नाही हो, ग्वाल्हेरच्या लष्करात:
कंपू, जीवाजीगंज, निंबाळकरांची गोठ.
मे महिना, शेचाळीस, वर लू.
छत्री वरून चंदेरी, आतून काळी, तीन घड्यांची,
नया बाजारात दोनशे चाळीसला घेतली.
दुकानदार म्हणाला, दीदी, धूप इसको देखके लौट जाती है.
लौटत नाही. पण बरं वाटतं.

पोरी स्कूटीवरून जातात,
कोपरापर्यंत हातमोजे, नुसते डोळे उघडे.
चौकातल्या हवालदाराला सिमेंट कंपनीची छत्री मिळालीय,
खांबाला घट्ट बांधलेली.
चार वाजता तिची सावली
पलीकडच्या गाईवर पडते.
आणि राजे तर आमच्याकडे मेल्यावरही
छत्रीतच राहतात, दगडी.
तिथलं मीटरही माझ्याच यादीत आहे.

आता नवीन मीटरं आलीत, काचेमागे करडे आकडे.
उन्हात काही म्हणजे काही दिसत नाही.
मग छत्री डोक्यावरून काढायची,
हात लांब करायचा,
सावली बरोब्बर काचेवर धरायची,
थरथर नको.
शून्य चार एक सात सहा.
एका घराला अर्धं मिनिट.
दिवसाला ऐंशी घरं.

काल गोठीत एक मुलगी ओट्यावर बसून
कैरीला मीठ लावत बघत होती.
म्हणाली, मावशी, मशीनला ऊन लागतं?
माझी मान भाजत होती, उजवीकडची.
लागतं, म्हटलं,
आणि तिच्याकडे पाणी मागितलं.