डावा कान

तार सापडली नगरपालिकेच्या कपाटात,
पाणीपट्टीच्या पावत्यांखाली.
"पूल कमकुवत. सर्कस परत फिरवत आहोत."
तारीख तीच, चौसष्टच्या ऑक्टोबरातली.

म्हणजे हत्ती आलाच नाही.

आता हे कुणाला सांगू?
झुल्मिरानं त्याला संत्रं भरवलंय, सालासकट.
बेल्मिरोच्या बेकरीत खिडकीतून सोंड आत आली
आणि पिठात शिंकली;
भिंतीवरचा पांढरा डाग तो अजून दाखवतो.
पुलावर त्याचा पाय अडखळला असं सांगणारे सात जण
विहिरीच्या भांडणापासून
एकमेकांचं तोंड बघत नाहीत,
पण डावा कान फाटका होता
यावर अख्ख्या पेनादोसाचं एकमत.

चांभाराच्या भिंतीवर सर्कशीचं पोस्टर होतं.
त्याचा एक कोपरा
वाऱ्यानं आठवडाभर आधीच नेला होता.

देओलिंदा एक्क्याण्णवची.
तिला तार वाचून दाखवली.
हातातलं चेस्टनट सोलता सोलता म्हणाली,
"मग? आम्ही सगळे पुलावर उभे होतो ना.
गाव पुलावर लोटलं
की डोंगराकडे कोण बघतं?"

त्या सकाळी डोंगरातून अकरा पुरुष गेले,
स्पेनमार्गे फ्रान्सला, कागदांविना,
खिशात फाडलेल्या फोटोचा एकेक तुकडा.
सुखरूप पोचलो की तो टपालानं घरी यायचा.

दुसऱ्या दिवशी शिपाई दारोदार फिरला.
काल काय पाहिलंत?
हत्ती.
आणि तुम्ही?
हत्ती. डावा कान फाटका.
संध्याकाळी वहीत त्यानंही लिहिलं, मीसुद्धा पाहिला.
साऱ्या गावात हत्ती न दिसलेला एकटाच माणूस
व्हायला त्याचंही मन धजेना.

पहिली काही वर्षं ते आठवणीनं खोटं बोलत असावेत.
मग लग्नं झाली, बारशी झाली,
ऑगस्टात फ्रान्सहून नातवंडं येऊ लागली,
कुठे उभा होता, कुठे, म्हणून हात ओढू लागली.
कुणीतरी बोट दाखवलं.
हत्ती कधी आलाच नव्हता,
त्याचं शेपूट मात्र अजून पुलावरून सरकतंय.

मी तेव्हा पाच वर्षांचा.
मीही पाहिलाय.
टोप्यांच्या वरून, उंचावरून,
पाठीवरची ओली धूळ, तिचा आंबूस वास.
बाबांच्या खांद्यांवर बसून,
त्यांचं कपाळ दोन्ही हातांनी धरून.

बाबा अकरांतले चौथे.

आईच्या पेटीत अजून अर्धाच फोटो आहे,
उजवा डोळा, उजवा कान,
मधे दातेरी कडा.

तार मी पुन्हा पावत्यांखाली सरकवली.
हत्ती नसेल तर नसू दे.
पण माझ्या टाचा
त्या सकाळी कुणाच्या छातीवर आपटत होत्या?
आणि "हळू रे, पडशील" असं
कोण म्हणालं?